घोंगडी कुणाची?

प्रश्न : ताई, नोकरीमुळे मी पंधरा वर्षं हैदराबादेत आहे. परवा बाजारात एक म्हातारा धनगर खांद्यावर काळी घोंगडी टाकून बसला होता. मी कौतुकानं 'घोंगडी' म्हणालो, तर तो हसून म्हणाला, 'गोंगडि.' शब्द त्यांनी आपला उचलला की आपण त्यांचा? आणि मग कांबळं कुठून आलं? वडील सांगायचे, माशा घोंगावतात म्हणून घोंगडी.
— एक वाचक, हैदराबाद

उत्तर : वडिलांची व्युत्पत्ती गोड आहे, पण सोडून द्या. माशा गुळावरही घोंगावतात, त्याला कुणी घोंगडी म्हणत नाही.

आधी कांबळ्याचं सांगते, कारण त्याची वाट सरळ आहे. संस्कृत 'कंबल'. मराठीत येताना अनुस्वाराआधीचा 'क' लांबला आणि शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला, जसं फलाचं फळ, कमलाचं कमळ. शब्द फार जुना. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात म्हटलंय, की लग्नात, वरातीत जे काही वावगं घडलं असेल ते मागणी घालणाऱ्या मध्यस्थाच्या कांबळ्याला पुसून टाकू. (मध्यस्थाच्या माथी मारायची रीत तेव्हापासूनची!) पाणिनीनं तर 'कंबल्य' या एका शब्दासाठी सूत्र खर्ची घातलं. पाणिनीवरच्या 'काशिका' या जुन्या टीकेचे कर्ते त्याचा अर्थ देतात, शंभर पळं (पळ हे जुनं वजन) लोकर. म्हणजे कांबळं हे त्या काळी लोकरीचं ठरलेलं मापच होऊन बसलं होतं.

घोंगडीला असली वंशावळ नाही. हिंदीवाल्याला 'कंबल' कळतं, 'घोंगडी' म्हटलं की तो तोंडाकडे बघतो. उलट तुमच्या तेलंगणातल्या कुरुमा धनगराला ती लगेच कळते. शब्दाचा मुलूख दख्खनी मेंढीच्या मुलखाशी जुळतो, आणि मला हाच पुरावा मोठा वाटतो. आता कुणी कुणाचा घेतला? तेलुगूच्या मूळ शब्दांत 'घ' नसतो. त्यामुळे आपल्या 'घ'चा तिकडे 'ग' झाला असं म्हणणं सोपं जातं. पण मराठीलाही हकार घुसवायची, म्हणजे 'ग'चा 'घ', 'ब'चा 'भ' करायची खोड आहेच. संस्कृत जंबूचं आपण जांभूळ केलंच ना? म्हणून एका अक्षरावर मी निकाल देणार नाही. मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने भटकणाऱ्या माणसांचा हा शब्द आहे. तो दख्खनी, एवढं मी ठामपणे म्हणते. मराठीत तो चांगलाच मुरलेला आहे. ज्ञानदेवांच्या नावावरच्या 'कान्होबा तुझी घोंगडी चांगली, आम्हांसि कां दिली वांगली' या अभंगात तो आहे, आणि तिथं घोंगडी म्हणजे थेट देहच.

माझं बालपण माण तालुक्यात गेलं. गल्लीच्या टोकाला घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचा माग होता. चिंचोक्याची खळ शिजली की आंबूस वास आमच्या परसापर्यंत यायचा. ती खळ कुंच्यानं ताण्याला लावायची, मग सूत ताठ व्हायचं. घरात मात्र लोकरीची दोन नावं चालत. माजघरात आजीची सोवळ्याची धाबळी, सोप्यात गड्याची घोंगडी. दोन्ही लोकरीच्याच, पण धाबळीला आम्ही पोरांनी शिवायचं नाही आणि घोंगडीवर वाटेल तसं लोळायचं. एकदा वळवानं सोप्यातली घोंगडी भिजली. वडील आणि चुलते दोन टोकं धरून पिळायला लागले, पाणी निघेना, दोघांचं भांडण मात्र निघालं. तीन दिवस ती दांडीवर तशीच ओली. 'भिजत घोंगडं' शाळेत मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

जाता जाता, बुरणूस विसरू नका. खेड्यात अजून म्हातारी माणसं जाड्याभरड्या कांबळ्याला बुरणूस म्हणतात. तो अरबी. तिकडे बुर्नुस म्हणजे टोपीसकटचा झगा. आपल्याकडे येईतो टोपी गळली, अंगरखा गेला, पांघरूण तेवढं राहिलं.

आणि त्या म्हाताऱ्याला पुन्हा भेटलात तर सुरवंटाला तेलुगूत काय म्हणतात ते विचारा. 'गोंगळि पुरुगु' म्हणेल तो. पुरुगु म्हणजे किडा, आणि गोंगळि ही गोंगडिच. नवी कोरी घोंगडी उघड्या पाठीवर घेऊन एक रात्र काढली असेल, तर हे नाव का पडलं ते तुम्हाला सांगायला नको.