मागच्या पंखावर एकच काळा ठिपका असलेलं नारिंगी फुलपाखरू प्लेन टायगरच ना?

नाही, ही डॅनेड एगफ्लायची मादी आहे. पुढच्या पंखांची काळी टोकं आणि त्यावरचा पांढरा पट्टा दोघांनाही असतो, त्यामुळे तिथे बघून काही उपयोग नाही. मागच्या पंखाची वरची बाजू बघायची. प्लेन टायगरच्या मादीला तिथे मधोमध तीन काळे ठिपके असतात, नराला चार (चौथा म्हणजे त्याची गंधपिशवी). एगफ्लायच्या मादीला पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच. शिवाय तिच्या मागच्या पंखाची कड किंचित दातेरी असते, प्लेन टायगरची गुळगुळीत. प्लेन टायगरच्या अळ्या रुईची पानं खातात, ते विष अंगात राहतं आणि पक्षी त्याला टाळतात. एगफ्लाय बिनविषारी, म्हणून मादी त्याचं सोंग घेते. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. नर मात्र चक्क काळा, जांभळी झाक असलेल्या मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, जोडीदार वाटणारच नाही!

फक्त पंख पूर्ण उघडलेला फोटो घ्या. पुढचा पंख वर आला की नेमका तो ठिपका झाकला जातो, आणि मिटलेल्या पंखांवर खालच्या बाजूची नक्षी वेगळी असल्याने मोजणी चुकते.