भावाच्या मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालाय, केमो (कॅन्सरवरची औषधं) चालू आहे, आम्ही नातेवाइकांनी नेमकी काय मदत करावी?

सगळ्यात आधी ताप. केमोत इन्फेक्शनशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात त्यामुळे ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की रात्र असो वा पहाट, लगेच हॉस्पिटलला फोन, आणि त्यांना न विचारता पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप दबतो पण इन्फेक्शन वाढत राहतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ट्रीटमेंट बहुतेकदा २ ते ३ वर्षं चालते, सुरुवातीला सगळे धावून येतात, नंतर आईबाप एकटे पडतात, म्हणून "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, वार ठरवून स्वयंपाक, तिच्या भावंडांचा अभ्यास स्वतःकडे घ्या. त्या भावंडांना स्पष्ट सांगा की हे तुमच्यामुळे झालं नाही आणि तुम्हाला लागणारही नाही, मुलं असलं मनात धरून बसतात हो! आणि सर्दी असेल तर भेटायला अजिबात जाऊ नका, व्हिडिओ कॉल करा.