जुनी गाडी नेमकी कुठे तापते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जग्वार मार्क २ आहे, ३.८ लिटर. अलिबागहून मुंबईला निघालं की वडखळच्या कोंडीत तापमानाचा काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरायचा. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तेव्हापासून मोकळ्या रस्त्यावरही काटा खाली येत नाही. मोठा रेडिएटर बसवू का? (अलिबाग)

उत्तर : रेडिएटरला इतक्यात हात लावू नका. आधी थर्मोस्टॅट परत बसवा. जग्वारच्या या एक्सके इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाला की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी त्याची बाही सरकून बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, भोक झाकते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. पाण्याला सोपी वाट मिळते आणि त्यातलं बरंचसं रेडिएटरकडे न जाता थेट पंपात परततं. दुकानात मिळणारा बिनबाहीचा थर्मोस्टॅट बसवलात तरी हेच होईल, म्हणून बाहीचाच मागा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात दोरीने लटकवा. शिक्का ८२ अंशांचा असेल तर त्या सुमारास तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

मग उरतो मूळचा त्रास. फक्त उभ्या गाडीत काटा चढत होता, म्हणजे रेडिएटरची जाळी बरी आहे, कमी पडते ती हवा. रेडिएटरच्या कडेने आणि वरून फटी असतील तर इंजिनाची गरम हवा पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरते. या फटी रबरपट्टीने बंद करा. पंख्याभोवती काउल, म्हणजे हवा वळवणारं कडं, हवंच. पाती निम्मी काउलच्या आत, निम्मी बाहेर, आणि टोकापासून काउलपर्यंत २० ते २५ मिलिमीटर जागा. यातच बहुतेक गाड्यांचं काम होतं.

एवढ्याने भागलं नाही तरच इलेक्ट्रिक पंखा. सोळा इंची, जाळीच्या मागून हवा ओढणारा, रिले आणि ३० अँपिअरच्या फ्यूजसह. असा पंखा १५ ते २० अँपिअर खातो. जुना डायनॅमो मंद इंजिनावर जवळपास काहीच देत नाही, आणि कोंडीत इंजिन मंदच असतं. पंखा चालेल, पण बॅटरी उतरेल. म्हणून आधी अल्टरनेटर, मग पंखा.

तोवर कोंडीत काटा चढलाच तर हीटर पूर्ण उघडा, गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर धरा. अर्थात पाणी बाहेर येत नसेल तरच. वाफ दिसली की लगेच बंद, आणि अर्धा तास झाकणाला हात नाही. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी तर कधीच ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं.

प्रश्न : फियाट ११००, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, दोन कार्ब्युरेटर आहेत. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो की दहा मिनिटांत तापते. सपाटीवर काहीच नाही. (चिपळूण)

उत्तर : चढावर वेग कमी आणि भार जास्त. तिसऱ्या गिअरमध्ये रेटू नका, दुसऱ्यात घ्या म्हणजे फेऱ्या वाढतील. पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाबरोबर फिरतात.

पण आमचा संशय टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणावर आहे. कॉम्प्रेशन वाढवल्यावर नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठकठक, टाळायला टायमिंग फार मागे घेतात. मग जळण उशिरापर्यंत चालतं आणि ती उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या पाण्यात उतरते. टायमिंग लाइट लावून फेऱ्या हळूहळू वाढवा. पुलीवरची खूण सरळ पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आली पाहिजे. अडखळत असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली टायमिंग पुढे सरकवणारी वजनं गंजून चिकटली आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत हे नेहमीचंच. काढा, घासा, एकेक थेंब तेल द्या.

दुसरं, पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) हे नवं पेट्रोल पातळ, म्हणजे हवा जास्त असलेलं, मिश्रण देतं, आणि पातळ मिश्रण पूर्ण भाराखाली तापतं. घाटात भार असतानाच इंजिन बंद करून सुरक्षित जागी थांबा, प्लग निवल्यावर काढून पाहा. आतली चिनीमाती बिस्किटासारखी तांबूस हवी. पांढरीफटक असेल तर जेट एक-दोन नंबरांनी वाढवा, दोन्ही कार्ब्युरेटरचे सारखेच.

खालचा होज पाइपही दाबून पाहा. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर जास्त फेऱ्यांवर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. उभ्या गाडीत ते दिसत नाही, कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा.

प्रश्न : मर्सिडीज २८० एस. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी वर्षभर घातलं. आता तांबडं पाणी निघतं आणि गाडी सतत गरम. (मालवण)

उत्तर : ते पाणी आजच काढा. त्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियमचं हेड खातं आणि लोखंडी ब्लॉकला गंज आणतं. नुसता रेडिएटर रिकामा करून उपयोग नाही, ब्लॉकच्या बाजूचा ड्रेनही उघडा. काहीच आलं नाही तर जाड तार आत घालून फिरवा. जांभ्याच्या चिखलासारखा लाल गाळ बसलेला असतो, तो सुटला की पाणी एकदम येतं. थर्मोस्टॅट काढून दोन्ही बाजूंनी नळी लावा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. मग लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, इंजिन गरम करून वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि दोन वेळा साधं पाणी.

भरताना दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग हिरवं जुन्या पद्धतीचं कूलंट. कोकणात पाणी गोठणार नाही, कूलंट हवं ते गंजासाठी. दर दोन वर्षांनी बदला. झाकणावर १०० लिहिलं असेल तर ते १ बारचं आहे. त्या दाबाला साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर हा सगळा फायदा गेला. जाळीची पातळ पानं बोटाने चुरली जात असतील तर मिठाने ती संपली, कोअर (रेडिएटरची आतली जाळी) बदलणं हाच उपाय.

प्रश्न : ट्रायम्फ जीटी६, काटा लालमध्ये जातो पण वाफ नाही, वास नाही. (रत्नागिरी)

उत्तर : पेट्रोलचा काटाही त्याच वेळी वर जातो का, ते बघा. जात असेल तर इंजिन ठीक आहे. दोन्ही काट्यांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर १० व्होल्ट देतो. खाऱ्या हवेत त्याचं अर्थिंग गंजलं की काट्यांकडे बॅटरीचे पूर्ण व्होल्ट जातात. त्याची पत्ती घासा आणि वेगळी अर्थ वायर द्या. खात्रीसाठी थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो.