प्रोलॉग या लॉजिक प्रोग्रॅमिंग भाषेत ग्राफमधला मार्ग शोधायचा रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारा) नियम थांबतच नाही, स्टॅक भरतो. काय करावं?

फाईलच्या वर मार्ग/२ साठी (म्हणजे दोन आर्ग्युमेंटच्या 'मार्ग'साठी) टेबलिंगचं डायरेक्टिव्ह, म्हणजे सूचनेची ओळ टाका, लूप थांबेल, एक्सएसबी आणि एसडब्ल्यूआय या दोन्ही प्रोलॉग सिस्टिममध्ये ते चालतं. साधं प्रोलॉग आधी काय विचारलं होतं ते लक्षात ठेवत नाही, त्यामुळे ग्राफमध्ये अ वरून ब, ब वरून परत अ असं चक्र आलं की तीच क्वेरी परत परत सोडवत बसतं. टेबलिंगमध्ये क्वेरी आणि तिची सापडलेली उत्तरं साठवली जातात आणि नवीन उत्तर मिळेनासं झालं की काम संपतं. आता रिकर्सिव्ह नियम कसा लिहायचा तर (एज म्हणजे दोन नोडमधला थेट दुवा)

मार्ग(X, Y) :- मार्ग(X, Z), एज(Z, Y).

हो, लेफ्ट रिकर्शनच (नियमात सर्वात आधी स्वतःलाच बोलावणं), जे एरवी टाळा म्हणून सगळे सांगतात 😀 कारण 'अ पासून कुठे पोचता येतं' असं विचारलं तर असं लिहिल्यावर एकच टेबल बनतं, उलट, म्हणजे आधी एज आणि मग मार्ग असं लिहिलंत तर वाटेतल्या प्रत्येक नोडचं वेगळं टेबल बनतं आणि मोठ्या ग्राफवर मेमरी जाते. फक्त मार्गाची लांबीपण मोजत असाल तर चक्रामुळे उत्तरंच अनंत होतात, तिथे नुसतं टेबलिंग पुरत नाही, एसडब्ल्यूआयमध्ये लांबीच्या आर्ग्युमेंटला मिन मोड द्या, म्हणजे फक्त सर्वात कमी लांबी ठेवली जाते.