पगार वाढवला तरी चांगले ऑपरेटर सोडून का जातात?

तुम्ही विचारलंय की भोसरीत तुमचं २४ माणसांचं मशीन शॉप आहे, दिवाळीला सगळ्यांचा पगार २०,५०० वरून २२,००० केला, तरी सहा महिन्यांत दोन सेटर (मशीनची जुळणी करणारे) आणि तीन ऑपरेटर गेले. आता आणखी किती वाढवायचा?

माझंही भोसरीतच सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं शॉप आहे. सोळा वर्षांत यातून दोनदा गेलोय. आणखी वाढवण्याआधी, हे १,५०० रुपये घेताना तुमच्या माणसांच्या हातून काय सुटलं ते बघा. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची पगारमर्यादा २०१७पासून २१,००० आहे. २०,५०० वर माणसाचे पाऊण टक्क्याने १५४ रुपये कापले जायचे, तुम्ही सव्वातीन टक्क्यांनी ६६६ भरायचात. त्यात त्याचा, बायको-मुलांचा, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा दवाखाना व्हायचा. तो आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळायचा. पगार २२,००० झाला की चालू हप्तेकाळ (कपातीचे सहा महिने) संपल्यावर तो योजनेतून बाहेर पडतो.

माझ्याकडच्या एका सेटरच्या वडिलांचं मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात औषध चालू होतं. मी त्याला मोठ्या कौतुकाने पगारवाढीचं पत्र दिलं. काही महिन्यांनी औषधं बाहेरून घ्यायची वेळ आली आणि वाढलेला पगार त्यातच जायला लागला. तो मला काही बोलला नाही. चाकणच्या मोठ्या कारखान्यात कुटुंबाला मेडिक्लेम आहे एवढं त्याला कळलं आणि तो गेला. हे मला दुसऱ्याकडून समजलं, तोवर उशीर झाला होता. आता मर्यादेबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आईवडिलांसकट ग्रुप मेडिक्लेममध्ये घेतो आणि ते कागद पगारवाढीच्या पत्रासोबतच हातात देतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या अनुभवात जास्त माणसं हिच्यामुळे जातात. तुम्ही लिहिलं नाही, पण छोट्या शॉपमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि सिंगल रेटने ओटी (जादा वेळेचं काम) सर्रास चालते. कायदा दुप्पट दराचा आहे, पण तो जरा बाजूला ठेवा. संध्याकाळी साडेसात वाजता ‘आज थांब, डिस्पॅच आहे’ असं सांगितलं की त्या माणसाने घरी दिलेला शब्द मोडतो. आठवड्यातून तीनदा असं झालं की बायको म्हणते, दुसरीकडे बघा. तिचं म्हणणं बरोबरच असतं.

बारा तास बंद करणं सोपं गेलं नाही. पोरांनीच विरोध केला, कारण ओटीच्या पैशावर त्यांचे हप्ते चालायचे. मूळ पगार वाढवावा लागला, मशीनचे तास कमी झाले, एका गिऱ्हाइकाचं काम सोडावं लागलं. आता साडेआठ तासांच्या दोन पाळ्या आहेत. ओटी हवी असेल तर आदल्या दिवशी चारच्या आत सांगायची आणि दुप्पट दराने द्यायची. त्यानंतर सांगितली तर नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे. पूर्वी आमचे सगळ्यात जास्त जॉब पहाटे तीन ते पाचमध्ये रिजेक्ट व्हायचे. ऑफसेट (मशीनला दिलेलं हत्याराचं माप) चुकायचा, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) तुटेपर्यंत लक्षात यायचं नाही. ते नुकसान थांबलं, त्यातून वाढीव पगाराचा बराचसा भार निघाला. सगळा निघाला असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे सुट्टी गुरुवारची आणि मुलांच्या शाळेची रविवारची. वर्षानुवर्षं बाप आणि पोरगा एका दिवशी घरी नसतात. मला हे फार लागतं. मी स्वतः मालक असून माझ्या मुलीचं लहानपण असंच गेलं. आता आम्ही प्रत्येकाला आळीपाळीने महिन्यातला एक रविवार देतो आणि त्या बदल्यात तो एका गुरुवारी येतो. त्या दिवशी कूलंट बदलणं, टाक्या साफ करणं, मोजमापाची साधनं तपासणं अशी कामं होतात. ही कामं पूर्वी कधी होतच नसत.

गावाच्या सुट्टीचंही तसंच. माझी निम्मी माणसं परभणी, लातूर, बुलढाण्याकडची आहेत. जूनमध्ये पेरणी, मग गौरी-गणपती, आणि प्रत्येकाच्या गावची यात्रा वेगळ्या तिथीला. सुट्टी मिळणार नाही हे माहीत असल्याने पोरं खोटं कारण सांगून जायची. मग परत आल्यावर तोंड कसं दाखवायचं, या संकोचाने काही जण आलेच नाहीत. चांगली, हात बसलेली माणसं मी अशी घालवली. आता जानेवारीत एका फळ्यावर प्रत्येकाच्या यात्रेची आणि पेरणीची तारीख लिहितो. एका पाळीतून एका वेळी दोघांपेक्षा जास्त जायचं नाही, हे त्यांचं तेच जमवतात. पेरणीची तारीख पावसावर ठरते, म्हणून ती खडूने.

आणि जाणाऱ्याचा हिशोब अडवू नका. मी एकदा एका ऑपरेटरचा शेवटचा पगार दीड महिना दाबून ठेवला होता, नोटीस दिली नाही म्हणून. वाटलं, बाकीच्यांना धाक बसेल. उरलेल्यांनी त्यातून एवढंच घेतलं की इथे आपलेही पैसे अडकू शकतात. दोन महिन्यांत आणखी तिघं गेले, तिघंही पगार हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात सोडून जाणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. तेवढं पाळलंत तर गेलेला माणूस पुन्हा यायची वाट उघडी राहते. माझ्याकडे दोघं चाकणहून परत आलेत.

चाकणच्या पगाराशी आपण बरोबरी करू शकत नाही, हे खरं. पण तिथे बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर वर्षभर एकच जॉब लोड-अनलोड करतो. आपल्याकडे आठवड्याला चार ड्रॉइंग बदलतात. ज्याला शिकायचंय त्याला रोज अर्धा तास प्रोग्रॅमिंगला बसवा, ऑपरेटरचा सेटर आणि सेटरचा प्रोग्रॅमर कधी होणार आणि तेव्हा पगार किती, हे कागदावर लिहून द्या. शिकून जाईल ही भीती मलाही होती. काही जण गेलेही. पण न शिकवलेले त्याहून लवकर जात होते.

तुमचे पाच गेले, ते का गेले हे आता खरं कोणी सांगणार नाही. राहिलेल्या एकोणीस जणांना एकेकटं बसवून विचारा, सुपरवायझर समोर नको. पण त्याआधी पीएफ-ईएसआय बघणाऱ्या कन्सल्टंटकडून २१,००० च्या वर गेलेल्यांची यादी मागवा. ईएसआयचे हप्तेकाळ ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला संपतात. पुढची जी तारीख येईल तिच्या आत त्यांच्या घरच्यांच्या विम्याची सोय करा.