वाचकांचे प्रश्न : पानांची चित्रे आणि पुसट झालेली अक्षरे

प्रश्न : आमच्या मंडळाचे बारा पानांचे माहितीपत्रक पीडीएफ स्वरूपात आहे. फोनवर ती फाइल उघडण्याचा अनेक सभासदांना कंटाळा येतो, म्हणून मी संगणकाच्या पडद्यावर एकेक पान आणून त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि ती चित्रे सर्वांना पाठवली. आता तक्रार अशी आहे की अक्षरे पुसट दिसतात, मोठी करून पाहिल्यास आणखीच फाटतात, आणि काहींना पाने उलटसुलट क्रमाने मिळाली. यावर उपाय काय?

उत्तर : दोष बहुतांशी स्क्रीनशॉटचा आहे. पीडीएफमधील अक्षरे रेषा आणि वक्रांच्या रूपात साठवलेली असतात, त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी रेखीव राहतात; स्क्रीनशॉटमध्ये मात्र पडद्यावर त्या क्षणी जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच येतात. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर उभे पान पूर्ण दिसत असेल, तर त्याच्या वाट्याला उंचीचे जेमतेम १०८० पिक्सेल येतात. तेच ए४ आकाराचे पान २०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २०० ठिपके या हिशेबाने, चित्रात उतरवले तर ते १६५४ × २३३९ पिक्सेलचे होते. देवनागरीत हा फरक अधिक बोचतो, कारण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारीक गाठी सर्वांत आधी पुसल्या जातात, आणि ‘नाही’ व ‘नाहीं’ यांतला भेद गेला तर एक वेळ चालेल, पण ‘मद’ आणि ‘मंद’ यांतला गेला तर अर्थच बदलतो.

तेव्हा स्क्रीनशॉट सोडून ‘निर्यात’ किंवा ‘एक्सपोर्ट’ची सोय असलेल्या प्रोग्रॅममधून पाने चित्रांत बदलावीत आणि तेथे रिझोल्यूशन स्वतः निवडावे. फोनवर वाचण्यासाठी २०० डीपीआय पुरेसे आहे, छापायचे असल्यास ३०० घ्यावे. त्याहून वर जाण्याचा मोह टाळलेला बरा, कारण डीपीआय दुप्पट केल्यास पिक्सेलची संख्या चौपट होते.

फाइलचा प्रकारही महत्त्वाचा आहे. जेपीईजी हा प्रकार छायाचित्रांसाठी घडवलेला आहे. तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यांतील बारीक तपशील कमी करतो, आणि पांढऱ्यावर काळे अशी तीव्र कड आली की तिच्याभोवती करड्या रंगाची धूळ उडाल्यासारखी दिसते. पीएनजी काहीच टाकून देत नाही, म्हणून मजकुराच्या पानांना तोच घ्यावा. ज्या पानांवर मोठी छायाचित्रे आहेत, तेवढी पाने वरच्या गुणवत्तेच्या जेपीईजीत केली तरी चालतील.

एवढे करूनही पाठवताना घोटाळा होऊ शकतो, आणि मला वाटते आपल्याकडे तोही झाला असावा. संदेशांची बहुतेक ॲप ‘फोटो’ म्हणून पाठवलेले चित्र आपणहून लहान करतात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडल्यास सहसा जसेच्या तसे पोहोचते. क्रमाचे म्हणाल, तर फाइलींना ०१, ०२ अशी दोन अंकी नावे द्यावीत, कारण नुसते १, २ लिहिल्यास अनेक ठिकाणी १ नंतर १०, ११, १२ लागतात आणि मग २ येते.

मूळ पीडीएफही सोबत ठेवावी. चित्रातील मजकूर शोधता येत नाही, दुवे चालत नाहीत, आणि पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन सभासदाला ते पान कोरेच असते.

प्रश्न : एका करारातील खाते क्रमांकावर मी काळी पट्टी ओढली आहे. तरीही तो क्रमांक वाचता येतो असे कोणी सांगितले. पानाचे चित्र केल्यास धोका टळेल का?

उत्तर : टळेल, पण पट्टी पूर्ण अपारदर्शक असेल तरच. पीडीएफमध्ये पट्टी हा वर ठेवलेला एक वेगळा आकार असतो, खालचा मजकूर तसाच राहतो आणि तो निवडून दुसरीकडे उतरवता येतो. पानाचे चित्र झाले की त्या जागी उरतात ते फक्त काळे पिक्सेल. परंतु फोनमधील मार्कर पेनाने फासलेला काळा रंग अनेकदा किंचित पारदर्शक असतो आणि चित्राची उजळता वाढवली की त्याखालचे आकडे वर येतात. म्हणून पेनाऐवजी भरीव चौकोन वापरावा, आणि पाठवण्यापूर्वी उजळता शेवटपर्यंत वाढवून स्वतः पाहावे.