वाचकांचे प्रश्न : मिशिगनच्या तेरा सीटा

अमेरिकेतल्या निवडणुकीबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर एवढे प्रश्न आले की पन्नासच्या पन्नास राज्यं घेऊन बसलो असतो तर पुढची चतुर्थी उजाडली असती. म्हणून एकच राज्य धरलंय, मिशिगन, संसदेच्या खालच्या सभागृहात त्याच्या तेरा सीटा. प्रश्नही सगळे छापता आले नाहीत, राग मानू नका.

डिचोलीहून एक काका विचारतात : बेळगावचा मराठी माणूस अमेरिकेत खासदार झाला म्हणे. आपली एवढी मतं आहेत का तिकडे?

खरंय काका, श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, तिकडे जाऊन केमिस्ट्रीत डॉक्टरेट केली, धंदा केला, मग राजकारण. २०१८ ला गव्हर्नर (तिकडे तो लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) व्हायला निघाले होते, डेमोक्रॅटिक पक्षातच तिसरे आले. २०२० ला राज्याच्या विधानसभेत गेले आणि २०२२ ला १३ नंबरच्या डिस्ट्रिक्टमधून (जिल्हा नव्हे, तिकडे मतदारसंघाला डिस्ट्रिक्ट म्हणतात), म्हणजे बराचसा डेट्रॉइट, थेट वॉशिंग्टनला. आणि नाही, आपली मतं तिकडे चिमूटभर. ते जिंकले त्याचं कारण वेगळं आहे. पक्षातल्या पक्षात जी निवडणूक होते ना, प्रायमरी, तिच्यात नऊ जण उभे होते, मतं सगळीकडे फुटली आणि साधारण २८ टक्क्यांत हे पहिले आले, स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतलेले ते वेगळेच. पुढची नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती, डेट्रॉइटात डेमोक्रॅट पडत नाही, ७० टक्क्यांच्या वर मतं पडली.

आपल्याला अभिमान वाटतो ते ठीकच, पण तिथल्या लोकांच्या बाजूने पण बघा. डेट्रॉइट शहरात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, आणि १९५० च्या दशकापासून त्या शहराचा एक तरी कृष्णवर्णीय खासदार असायचाच. ठाणेदार आले आणि ती परंपरा तुटली, त्याची सल तिथे अजून आहे, २०२४ ला परत निवडून आले तरी.

फोंड्याहून एक कॉलेजची विद्यार्थिनी : प्रायमरी म्हणजे नक्की काय? तिकीट दिल्लीहून येतं तसं वॉशिंग्टनहून येत नाही का?

नाही येत गं, हीच तर मजा आहे. तिकीट लोक देतात. मिशिगनमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला एका मंगळवारी प्रायमरी असते, कोणीही मतदार जाऊ शकतो, आपण कुठल्या पक्षाचे ते आधी नोंदवायला लागत नाही, फक्त एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा करायच्या, दोन्हीकडे केल्या की प्रायमरीचं मत बाद. हायकमांडच्या दारात सूटकेस घेऊन बसायची भानगड नाही.

पण त्याचा दुसरा अर्थ असा की बसलेल्या खासदाराला पक्ष वाचवू शकतोच असं नाही. ग्रँड रॅपिड्सचे रिपब्लिकन खासदार पीटर माइयर, २०२१ ला त्यांनी ट्रम्पवर महाभियोग चालवायला हात वर केला, २०२२ च्या प्रायमरीत त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना घरी पाठवलं आणि ट्रम्पच्या माणसाला उमेदवार केलं. नोव्हेंबरमध्ये तो माणूस पडला आणि सीट डेमोक्रॅट हिलरी शोल्टन यांच्याकडे गेली. म्हणजे पक्षाने आपल्या हाताने सीट दिली असंच म्हणायचं.

आणि डिपॉझिटचं पण सांगतो. आपल्याकडे लोकसभेला २५ हजार रुपये भरले की झालं, तिकडे संसदेच्या उमेदवाराला आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या मतदारांच्या कमीत कमी १,००० खऱ्या सह्या द्याव्या लागतात, आणि विरोधक त्या एकेक तपासतात. २०१२ ला तर एका बसलेल्या खासदाराच्याच ऑफिसातल्या पोरांनी जुन्या निवडणुकीतल्या सह्यांचे कागद फोटोकॉपी करून नवे म्हणून लावले, पकडले गेले, साहेबांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही, खासदारकी सोडावी लागली आणि ऑफिसातल्या लोकांवर खटले झाले. हजार सह्या हो, आपला कुठलाही पंच एका रविवारी गोळा करील.

म्हापशाचे एक निवृत्त मास्तर : सीमा आखण्यावरून तिकडे एवढा गोंधळ का असतो? आपल्याकडे उत्तर गोवा, दक्षिण गोवा, विषय संपला.

मास्तर, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत, हेच खरं राजकारण आहे, बाकी सगळं नंतरचं.

आपल्या दोन सीटा बदलत नाहीत, आणि विधानसभेचे चाळीस मतदारसंघ कसे कापायचे ते डिलिमिटेशन कमिशन बघतं. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की ४३५ सीटा राज्यांत नव्याने वाटतात आणि प्रत्येक राज्याच्या आतल्या सीमा परत आखतात. मिशिगनची लोकसंख्या २०२० ला एक कोटीच्या थोडी वर भरली, पण बाकीची राज्यं जास्त वेगाने वाढली म्हणून १४ च्या १३ सीटा झाल्या. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये माणसं जवळजवळ सारखीच असली पाहिजेत, तिथे ७ लाख ७५ हजार. आता ही आखणी करणार कोण? बऱ्याच राज्यांत विधानसभाच करते, म्हणजे ज्याचं सरकार त्याच्या हातात पेन्सिल. मिशिगनमध्ये २०११ ला रिपब्लिकनांच्या हातात होती. त्यांनी काय केलं, डेमोक्रॅटांची मतं चार-पाच डिस्ट्रिक्टमध्ये कोंबून भरली, तिथे ते प्रचंड फरकाने जिंकू देत, आणि बाकीच्या ठिकाणी आपलं थोडं थोडं बहुमत राहील असं कापलं. तेव्हाचा १४ नंबर नकाशात बघितलात तर हसाल, डेट्रॉइटच्या पूर्वेकडून निघून वळणं घेत घेत पाँटिअॅकपर्यंत गेलेला. परिणाम असा की २०१२ ला राज्यभर डेमोक्रॅटांना जास्त मतं पडली आणि सीटा मिळाल्या १४ पैकी ५.

ह्यावर कोर्टकचेरी झालीच, पण २०१९ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पक्षाच्या फायद्यासाठी सीमा आखल्या तर त्यात केंद्राची कोर्टं पडणार नाहीत. मिशिगनचे लोक मात्र त्याच्या आधीच कामाला लागले होते. २०१६ ची निवडणूक संपल्या संपल्या केटी फेही नावाच्या विशीतल्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या, मला ह्या सीमांच्या प्रकाराविरुद्ध काहीतरी करायचंय, कोण येतं का. ह्यातून चळवळ झाली, स्वयंसेवकांनी फिरून सव्वाचार लाखांवर सह्या जमवल्या, २०१८ ला जनमत घेतलं आणि ६१ टक्के लोकांनी हो म्हटलं. आमदारांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

आता तिथे तेरा साध्या नागरिकांचा आयोग आहे, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नाहीत, अर्ज मागवून त्यातून चिठ्ठी टाकल्यासारखे निवडलेले. गेल्या सहा वर्षांत पक्षाचा पदाधिकारी, उमेदवार किंवा लॉबिस्ट राहिलेला चालत नाही, त्यांची आई-बाप, मुलं, नवरा-बायकोसुद्धा चालत नाही. (हा नियम आपल्याकडे लावला तर काही पंचायतीत आयोगाला माणूसच मिळायचा नाही.) सभा उघड्या, लोकांनी येऊन सांगायचं की आमची वस्ती तोडू नका, आणि नकाशा पास व्हायला तिन्ही गटांतली निदान दोन-दोन मतं लागतात. २०२१ च्या डिसेंबरात त्यांनी जो नकाशा मंजूर केला त्याचं नाव चेस्टनट, नकाशांना झाडांची नावं दिली होती.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. राज्याच्या विधिमंडळासाठी त्याच आयोगाने डेट्रॉइटच्या आसपास आखलेले तेरा मतदारसंघ २०२३ ला केंद्रीय कोर्टाने रद्द केले, लोकांच्या वंशाकडे बघून आखले म्हणून. पण संसदेच्या सीटांपुरतं बोलायचं तर माझ्या मते फरक पडलाच. २०२२ ला डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६. २०२४ ला उलटं, रिपब्लिकन ७, डेमोक्रॅट ६. वारा जिकडे फिरला तिकडे सीट फिरली, पूर्वीच्या नकाशावर २०१२, २०१४, २०१६ तिन्ही वेळा आकडा रिपब्लिकन ९, डेमोक्रॅट ५ असा तिथल्या तिथे, २०१८ ला मोठा वारा आला तेव्हा कुठे ७-७ झाला.

मडगावहून एक वाचक : मग २०२४ ला कुठली सीट फिरली? सगळीकडे चुरस असते का?

छे, तेरातल्या तीन-चार ठिकाणीच. फिरली ती ७ नंबरची, राजधानी लॅन्सिंगच्या भागातली. तिथल्या खासदार एलिसा स्लॉटकिन सिनेटला, म्हणजे वरच्या सभागृहाला, उभ्या राहिल्या म्हणून जागा मोकळी झाली आणि रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी चार टक्क्यांच्या आतल्या फरकाने घेतली. ८ नंबर, फ्लिंट-सॅगिनॉचा पट्टा, तिथेही जुने खासदार निवृत्त, पण ती जागा डेमोक्रॅटांनी राखली. आणि १० नंबर, डेट्रॉइटच्या उत्तरेची उपनगरं, २०२२ ला रिपब्लिकन जॉन जेम्स तिथे फक्त १,६०० च्या आसपास मतांनी आले होते, सव्वातीन लाखांच्या घरात मतदान होऊन. दक्षिण गोव्यात २०२४ ला विरियातो फर्नांडिस साडेतेरा हजारांनी आले तेव्हा आपण केवढं अटीतटीचं म्हणत होतो.

२०२४ ला ह्या सीटांच्या मतदानादिवशीच मिशिगनने राष्ट्राध्यक्षासाठी ट्रम्पला पुढे केलं आणि सिनेटला मात्र डेमोक्रॅट स्लॉटकिनना. एकाच कागदावर. तो कागद पण लांबलचक असतो, त्यात राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांच्या मंडळावरचे सदस्यसुद्धा लोक निवडतात, पेनाने गोल काळे करत जायचं.

पेडण्याहून : निवडून आल्यावर पक्ष बदलला तर? (गोंयकार आहे, विचारणारच!)

काही होत नाही. पक्षांतरबंदीचा कायदाच नाही तिकडे. २०१९ च्या ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, मिशिगनच्याच जस्टिन अमॅश यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला, खासदारकी तशीच राहिली. फरक एवढाच की ते एकटे गेले आणि सत्तेकडे नाही गेले, उलट दोन्ही पक्षांच्या बाहेर जाऊन बसले आणि २०२० ला परत उभेच राहिले नाहीत. दोन तृतीयांश गोळा करून एका रात्रीत बस भरून जाण्याची कला त्यांना अवगत नाही.

कुडचड्याहून : घराणेशाही फक्त आपल्याकडेच का?

डिंगेल हे आडनाव लक्षात ठेवा. वडील १९३३ ला खासदार झाले, १९५५ ला वारले, मुलगा त्यांच्या जागी आला आणि ५९ वर्षं राहिला, अमेरिकेच्या संसदेत एवढं कोणीच राहिलेलं नाही, मग २०१५ पासून ह्या मुलाची बायको डेबी डिंगेल. सीमा बदलल्या, नंबर बदलले, आडनाव तेच. आणि तिकडे दर दोन वर्षांनी निवडणूक असते हे धरून मोजा.

ताळगावच्या एक ताई : मुलगी-जावई डेट्रॉइटजवळ आहेत, ग्रीन कार्ड आहे. त्यांना मत देता येतं का? आणि निकाल आपल्याकडे कधी दिसतो?

ताई, निकालाचं आधी. मिशिगनमध्ये मतदान रात्री आठला बंद होतं, नोव्हेंबरात आपण साडेदहा तास पुढे, म्हणजे बुधवारी सकाळी साडेसहा. पण विस्कॉन्सिनच्या हद्दीला लागून चार काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, त्यांचं घड्याळ एक तास मागे, म्हणून राज्याचा पूर्ण हिशेब साडेसातनंतरच सुरू होतो. चुरशीच्या सीटा असल्या तर दुपारपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा.

मुलीचं. ग्रीन कार्डावर मत नाही, नागरिकत्व घेतलं तरच. आणि हे तिला नक्की सांगा, कारण मिशिगनमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स आणि मतदार नोंदणी एकाच खात्याकडे आहे, लायसन्सच्या कामाला गेल्यावर आपण नागरिक आहोत अशी खूण चुकून झाली आणि पुढे कधी मत टाकलं तर प्रकरण थेट देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्यावर मतदारयादीत नाव राहिलं म्हणून लोकांची काय धावपळ होते ते तुम्ही ताळगावात बघितलंच असेल. मत नसलं तरी सीटांच्या वाटणीत मात्र ती दोघं मोजली जातात, ते ७ लाख ७५ हजार म्हणजे मतदार नव्हेत, तिथे राहणारी सगळी माणसं, ग्रीन कार्डवाली, व्हिसावाली, तान्ही पोरंसुद्धा. पुढची जनगणना २०३० ला आहे, तोपर्यंत तिथेच राहिले तर तो फॉर्म भरायला सांगा, त्याला नागरिकत्व लागत नाही.